मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर चोख, तास मात्र अंदाजे

मुले न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या घरांत तिकीट काढण्यापूर्वी ‘विमानात नेमके किती तास बसायचे?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो, आणि उत्तर शोधू लागले की दोन शहरांची नावे भरताच अंतर व उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळे सर्वांत आधी समोर येतात. त्यांपैकी एक मोफत सेवा (नाव घेत नाही, कारण बहुतेकींची रीत सारखीच आहे) आणि विमानप्रेमींच्या परिचयाचे ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या दोन्हींवर मुंबई–न्यूयॉर्क ही जोडी तपासून पाहिली.

अंतराच्या बाबतीत दोन्हींना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. सुमारे १२,५०० किलोमीटर हा आकडा पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या मार्गाचा आहे. मॅपरमध्ये बीओएम आणि जेएफके हे विमानतळांचे संकेत टाकले की तो मार्ग नकाशावर उमटतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान आणि सहारावरून अटलांटिककडे जाते. इथली कमान मात्र पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान ओलांडून रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून आइसलँडपर्यंत चढते आणि मग अमेरिकेकडे उतरते. शाळकरी मुलांना भूगोल शिकवणाऱ्यांनी हे चित्र जरूर वापरावे.

वेळेचे गणित मात्र मोफत सेवेत फारच ढोबळ आहे. ताशी ८५० किलोमीटरचा एकच वेग धरायचा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा आणि सव्वापंधरा तास असे उत्तर द्यायचे, तेही जाताना आणि येताना अगदी सारखेच! प्रत्यक्षात उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून येतो आणि थेट विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात, तर परतीला तोच वारा पाठीशी असल्याने बराच वेळ वाचतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला. अशा गोष्टींची दखल या भागाकारात कुठेच नसते. वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा ठरवायच्या असतील तर विमान कंपनीचे वेळापत्रकच पाहावे, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही धरलेला असतो.

स्थानिक वेळेतील फरकही या सेवेने वर्षभर साडेदहा तास असाच दाखवला. अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळे एक तास पुढे असतात आणि त्या काळात फरक साडेनऊ तासांचा होतो, ही चूक साधी असली तरी विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तासभर ताटकळत ठेवणारी आहे.

मॅपरची मांडणी जुन्या वळणाची आहे आणि विमानतळांचे संकेत माहीत नसतील तर ते आधी शोधावे लागतात. पण त्यात टप्प्यांचा प्रवासही मोजता येतो, हा त्याचा सर्वांत उपयुक्त गुण. दुबईमार्गे जाण्याचे अंतर तपासले असता ते थेट मार्गापेक्षा जेमतेम ४०० किलोमीटरने जास्त भरले. म्हणजे एका थांब्याच्या स्वस्त तिकिटात वाढणारे तास बहुतांशी दुबईच्या विमानतळावर बसून काढायचे असतात.