९९ खुर्च्या आणि एक ऑर्गनवाला

तेआत्रो देल्ला कोन्कोर्दिया, मोन्ते कास्तेल्लो दि विबिओ, इटली. पाचपैकी पाच.

नाट्यगृहात शिरलो की मी आधी टाळी वाजवून बघतो. चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली, तेव्हाची ही खोड. गिरगावात सगळ्यांना ती ठाऊक आहे. इथल्या तिकीटवाल्या बाई मात्र दचकल्या, मग हसल्या.

ज्या टूरबरोबर गेलो, त्यांच्या यादीत हे नव्हतंच. त्यांना आम्हाला चामड्याच्या पर्सेस दाखवायच्या होत्या. मी आणि सौ. सरळ तोदीहून टॅक्सी करून निघालो. (गावाची पाटी वाचून मला आधी तोडी रागच आठवला!)

घंटेच्या आकाराचं सभागृह, सगळं लाकडी, बॉक्सचे म्हणजे कडेच्या छोट्या सज्जांचे दोन मजले. खाली ३७ खुर्च्या, बॉक्समध्ये ६२. झाले ९९. आपल्याकडे मध्यंतरात एवढी माणसं बटाटेवड्याच्या रांगेत असतात.

सौ.ला वरच्या बॉक्समध्ये पाठवलं आणि खाली उभं राहून नांदीची पहिली ओळ गुणगुणलो, अगदी ओठातल्या ओठात. वरून आवाज आला, "अहो, सुरुवातीचा श्वास चोरलात!" ऐकू आला तिला. लाकूड सूर गिळत नाही, अंगावरही फेकत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं जरा वेळ धरून ठेवतं. माईक आले आणि हे ऐकायची आपली सवयच गेली. शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचणारे नट मी पाहिलेत, म्हणून जास्त लागतं.

१८०८ साली गावातल्या नऊ घराण्यांनी मिळून हे बांधलं. रंगकाम नंतरचं, आग्रेत्ती बापलेकांचं. छान आहे, पण माझं लक्ष कानाकडे होतं.

१९५१ मध्ये हे बंद पडलं होतं. डागडुजी होऊन १९९३ मध्ये पुन्हा उघडलं. नेमकं त्याच साली आमच्या चर्नी रोडच्या ऑपेरा हाऊसला कुलूप लागलं, ते २०१६ पर्यंत. बालगंधर्व जिथे गायले त्या वास्तूसमोरून मी तेवीस वर्षं नुसता ये-जा करत होतो.

जाणार असाल तर एक सांगतो. अशा बॉक्सच्या थिएटरात अगदी कडेला बसलं की मान तिरकी करावी लागते, तेव्हा मधली जागा मागा.

परतीच्या टॅक्सीत सौ. म्हणाली, "मांडी सोडा आता, दुखेल." माझी बोटं मांडीवर ऑर्गनसारखी चालूच होती.