भाजे लेणी : बाबांसोबत पाहिली, म्हणून नीट पाहिली

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे गावापर्यंत चालत गेलो. पुढे पायऱ्या. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तीनदा बसत वर पोचलो.

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनात शिरले आणि मान वर करून उभेच राहिले. छताला कमानदार सागवानी वासे आहेत आणि त्यातले काही इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले, मूळचे. मी विचारलं, छत अख्ख्या डोंगराचं, मग वासे कशाला? "भार नाहीच त्यांच्यावर," बाबा म्हणाले. "हाताला घर बांधायची सवय. दगडातही घरच केलंय."

मग त्यांनी खांब दाखवले. 27 अष्टकोनी खांब, सगळे किंचित आत कललेले. लाकडी घरात छपराचा रेटा बाहेर जातो, म्हणून खांब आत झुकवायचे. दगडाला ती गरज नाही, तरी कोरणाऱ्यांनी कल सोडला नाही. मी याआधी दोनदा इथे आले होते, पण हे कधी दिसलंच नव्हतं. दर्शनी भाग लाकडाचा होता, तो केव्हाच गेला, खोबण्या तेवढ्या राहिल्या. एका खोबणीशी बाबा वाकले, हात न लावता बराच वेळ बघत राहिले. "कोपरा बघ, अजून गुण्यात आहे," म्हणजे अगदी काटकोनात.

खाली ठरवलेल्या वाटाड्याने मात्र निराशा केली. पांडवांनी एका रात्रीत कोरलं, एवढं सांगून वीस मिनिटांत उरकायला निघाला. बाबांना ते फार लागलं. "एका रात्रीत एक खांबसुद्धा तासून होत नाही," म्हणाले. शेवटी त्याला पैसे देऊन मोकळं केलं आणि आम्ही आपापले फिरलो. एकूण 22 लेणी आहेत, दोन तास तरी हाताशी ठेवा.

दक्षिणेकडचे 14 स्तूप चुकवू नका, पाच आत, नऊ बाहेर. त्यापुढच्या विहारातली (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यातली) रथ आणि हत्तीची शिल्पंही बघा. सूर्य आणि इंद्र, असं बरेच जण मानतात.

दुपार टळल्यावर जा. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा ऊन थेट चैत्यात शिरतं आणि वासे एकेक करून मोजता येतात. पाणी सोबत न्या. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, धबधब्याच्या गर्दीत लेणी पाहणं होत नाही.

परतीच्या लोकलमध्ये बाबांनी तिकिटाच्या मागे पेन्सिलीने त्या खांबांचा कल काढून दाखवला. तिकीट मी जपून ठेवलंय.