तामियाचं 1/700 फ्लेचर किट: पहिल्या समुद्री डायोरामासाठी हेच घ्या

बोटीचा डायोरामा (बोट आणि भोवतीचा समुद्र असा छोटा देखावा) करायचाय, कुठलं किट घेऊ असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून तामिया या जपानी कंपनीचं 1/700 मधलं, म्हणजे खऱ्या बोटीच्या सातशेपट लहान, फ्लेचर सांगतो. बहुतेक जण पहिल्याच झटक्यात यामातो नाहीतर बिस्मार्कसारखी प्रचंड युद्धनौका उचलतात, मग त्या शेकडो बारीक पार्ट्समध्ये एवढा दम निघतो की समुद्राची पाळी येईपर्यंत काही उरतच नाही आणि मग एका पाटावर निळा रंग फासून बोट वर चिकटवून मोकळे. माझ्या मते डायोरामात निम्मं काम पाण्याचं आहे, आणि फ्लेचरची मजा हीच की बोट लवकर होते आणि पाण्यासाठी पेशन्स शिल्लक राहतो.

आता किटबद्दल. फ्लेचर ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन डिस्ट्रॉयर (छोटी वेगवान युद्धनौका), या क्लासच्या 175 बोटी बांधल्या, पाच इंची तोफा पाच, टॉर्पेडोच्या नळ्या दहा, लांबी साधारण 115 मीटर, म्हणजे 1/700 ला 16.4 सेंमी, एका हातात मावते. किट वॉटरलाइन सिरीजमधलं आहे, जी सिरीज 1971 मध्ये जपानच्या शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चौघांनी एकत्र येऊन काढली (फुजिमी नंतर बाहेर पडली). यात पाण्याखालचा भाग दिलेलाच नसतो, तळ सपाट. ज्यांना पूर्ण बोट स्टँडवर लावायची आहे त्यांनी हे घेऊ नये, पण आपल्याला ती पाण्यातच बसवायची आहे त्यामुळे हल (बोटीचं धड) कापत बसायची कटकटच नाही.

मोल्डिंग स्वच्छ आहे, पार्ट्स एकमेकांत छान बसतात, फटी भरायला पुटी जवळपास लागत नाही. कमी काय आहे तर रेलिंग नाही, ते फोटो-एचचं (पातळ पत्र्यात कोरलेलं) वेगळं घ्यावं लागतं, आणि छोट्या 20 मिमी तोफा जरा जाडजूड वाटतात. या स्केलला उभा माणूसच अडीच मिमीच्या आत येतो त्यामुळे मला ते चालतं. रिगिंगसाठी (डोलकाठीच्या दोऱ्या-तारांसाठी) धागा वापरू नका, दोरखंड वाटतो. किटमधलाच उरलेला स्प्रू (पार्ट्स धरून ठेवणारी प्लास्टिकची चौकट) मेणबत्तीवर लांबून गरम करून हळूच ताणायचा, केसासारखी तार निघते.

रंग सोपा आहे. सुरुवातीच्या बऱ्याच फ्लेचर मेझर 21 या नौदलाच्या रंगसंगतीत होत्या, म्हणजे उभे भाग सगळे नेव्ही ब्लू आणि डेक डेक-ब्लू रंगाचा, टेप लावून मास्किंग करायचा त्रास नाही. पण गंमत अशी की ही रंगसंगती विमानातून बोट दिसू नये म्हणूनच होती, त्यामुळे गडद समुद्रावर आपली छोटी बोटसुद्धा खरंच गडप होते. रंगात थोडा करडा मिसळून तो फिका करा, आणि बाकीचं काम फेसावर सोडा.

आता पाणी, आणि इथे मी जास्त बोलणार आहे कारण सगळं इथेच बिघडतं. पहिली गोष्ट उंची. 1/700 ला एक सेंमी म्हणजे सात मीटर! लोक हौसेने सेंमीभर उंच लाटा करतात आणि बोट वादळात सापडल्यासारखी दिसते. दोन मीटरची लाट इथे जेमतेम 3 मिमी. दुसरी गोष्ट बोटीचा वेग, तो आधी ठरवा, कारण बोटीच्या कडेने जी लाट उठते तिची लांबी वेगावर ठरते. 15 नॉटला (नॉट हे बोटीच्या वेगाचं माप) ती साधारण 38 मीटर, मॉडेलवर साडेपाच सेंमी, म्हणजे बोटीच्या लांबीत तीन-चार उंचवटे दिसतात. 25 नॉटला तीच 105 मीटरच्या आसपास, मॉडेलवर 15 सेंमी, म्हणजे एक उंचवटा पुढच्या टोकाशी, दुसरा मागे आणि मधे नुसता खोलगट भाग. एवढं एक जमलं ना की बोट धावतेय असं बघणाऱ्याला आपोआप वाटतं, त्याला कारण कळत नाही पण वाटतं. मागे पसरणाऱ्या लाटांचा कोन मात्र खोल पाण्यात वेग कमीजास्त झाला तरी साधारण तोच राहतो, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंश, तो पेन्सिलने बेसवर आधीच आखून घ्या.

सामान सगळं इथलंच चालतं. एमडीएफचा तुकडा, त्यावर फोम, फोममध्ये हलच्या आकाराची खाच, वर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेविकॉल, ब्रशने हलके ठोकत जायचं, सुरकुत्या पडतात त्याच बारीक लाटा. वाळलं की अॅक्रिलिक रंग, मग ग्लॉस जेलचे (वाळल्यावर चकाकणारं पारदर्शक जेल) पातळ थर, एक पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात जेल दिवसेंदिवस दुधाळच राहतं आणि स्प्रे वार्निशवर पांढरी धुरी धरते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

पाण्याचा रंग जुहू किंवा अलिबागला बघून ठरवू नका, ते किनाऱ्याचं गढूळ पाणी. फ्लेचर लढल्या पॅसिफिकमध्ये, खोल समुद्र जवळपास काळपट निळा असतो, आणि बोटीमागे पंख्यांनी घुसळलेल्या पट्ट्यात हवेचे बुडबुडे असल्यामुळे तिथे तो फिका हिरवट-निळा होतो. आधी तो हिरवट-निळा द्या आणि मगच वर पांढरा फेस, तोही तुटक. नुसता पांढरा पट्टा ओढला तर चुना सांडल्यासारखा दिसतो.

ठेवायला अॅक्रिलिकचा बॉक्स हवाच, धूळ रेलिंगमध्ये बसली की निघत नाही. साइनबोर्ड करणारे मापाप्रमाणे 3 मिमी शीटचा बॉक्स करून देतात, तयार केसपेक्षा हे स्वस्त पडतं. बोट बेसवर तिरकी बसवा, पुढे थोडी आणि मागे वेकसाठी (बोटीमागच्या फेसाळ पट्ट्यासाठी) जास्त जागा सोडा.

रेफरन्सची चिंता नाही, किड, कॅसिन यंग आणि द सलिव्हन्स या तीन फ्लेचर अमेरिकेत म्युझियम म्हणून जपल्यात आणि चौथी, वेलोस, ग्रीसमध्ये आहे, फोटो भरपूर मिळतात. फक्त बघताना ब्रिज (बोट चालवायची वरची खोली) तपासा. या किटमध्ये सुरुवातीचा गोल ब्रिज आहे, चौकोनी ब्रिजवाली नंतरची बोट करायची असेल तर तामियाचंच कशिंग नावाचं किट घ्या, पाण्याबद्दल वर लिहिलेलं सगळं तिलाही जसंच्या तसं लागू.