जबाबदार गुंतवणूकवाल्या संस्थेची मेंबरशिप, अकरा महिन्यांनंतर

रिन्यूअलचा तिसरा रिमाइंडर काल रात्री आला. जबाबदार गुंतवणुकीची वाटचाल थांबवू नका वगैरे लिहिलंय आणि खाली 5310 रुपयांचं बटण. म्हटलं ते दाबायच्या आधी एकदा सगळं लिहून काढावं, कारण मी जॉइन झाले तेव्हा अशा संस्थेबद्दल मराठीत कोणी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं. नुसता नफा न बघता कंपनी पर्यावरणाशी आणि माणसांशी कशी वागते तेही बघून पैसे गुंतवावेत, हे शिकवणारी ही संस्था. तिचं नाव देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाहीये.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या सात-आठ वर्कशॉपचं अकाउंट्स आणि जीएसटीचं काम घरून करते. शेअर्स थोडेफार, एसआयपी दोन, त्यातली एक ईएसजी फंडात (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून शेअर्स निवडणारा फंड), ती माझ्या पुण्यातल्या भाचीने सुरू करायला लावली. मेंबरशिपही तिच्याच आग्रहाने घेतली. 4500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. एवढ्यात आमच्या दोघांची वर्षभराची तूरडाळ येते आणि थोडी उरते, हे मी तेव्हाही तिला बोलून दाखवलं होतं.

पहिले तीन महिने तर पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. वेबिनार सगळे इंग्रजीत आणि नेमके 19 नाहीतर 20 तारखेला दुपारी चारला. जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख 20, त्यामुळे कानात इयरफोन आणि समोर पोर्टल, असं ऐकलंय मी ते सगळं. अमेरिकेत अशी फोरम 1984 पासून आहे, ब्रिटनमध्ये 1991 पासून, मग 2006 मध्ये युनायटेड नेशन्सच्या पुढाकाराने मोठ्या गुंतवणूकदारांसाठी सहा तत्त्वं आली, एवढं डोक्यात राहिलं. त्याच सुमारास माझ्या ईएसजी फंडाची फॅक्टशीट उघडून बघितली तर वरच्या ओळीत त्याच मोठ्या बँका आणि त्याच आयटी कंपन्या, ज्या माझ्या दुसऱ्या साध्या फंडातही आहेत. भाचीला फोन केला, ती म्हणाली मावशी, ईएसजी फंडांना सेबीने 2023 मध्ये सहा प्रकार ठरवून दिलेत, तुझा कुठल्या प्रकारातला आहे ते बघ. बघितलं. बँका काही बदलल्या नाहीत.

मग नाशिकला एकदाच काय ती प्रत्यक्ष मीटिंग झाली, मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात. एकूण अकरा जण आलो, त्यातले पाच स्पॉन्सरचे. विषय होता कुठल्या कंपन्यांत पैसे घालायचेच नाहीत त्याची यादी कशी करायची. दारू, तंबाखू, जुगार, शस्त्रं, अशी नमुना यादी पडद्यावर आली. मी यांना घेऊन गेले होते आणि माझे दीर पण आले होते, ते ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यातून, रिटायर झालेत. यादी बघून ते हळूच म्हणाले, वहिनी, दारूत तुमची सुला गेली आणि शस्त्रात माझी एचएएल गेली, आता नाशिकचं राहिलं काय, चिवडा? माझ्याकडे सुला या वाइन कंपनीचा डिसेंबर 2022 च्या आयपीओतला एक लॉट आहे, 42 शेअर्स, 357 च्या भावाने, आणि तो भाव आता वरून खाली बघायला लागतो, पण ते वेगळं दुःख. सुलाने सोलर बसवलंय, द्राक्षं आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून घेतात, आणि तरी यादीत दारू म्हणजे दारू. दिरांचे एचएएलचे शेअर्स 2018 च्या आयपीओतले, 2023 मध्ये एकाचे दोन झाले, ते कशाला विकतायत. ज्या पगारावर घर बांधलं तो पगार यादीत बसत नाही म्हणून परत देऊ का, असं त्यांनी चहाच्या वेळी सरळ विचारलं त्या बोलणाऱ्या साहेबांना. साहेब म्हणाले, यादी ज्याची त्याने करायची. मग आम्हाला कशाला बोलावलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी दोन स्टार ठरवून टाकले होते.

पण ऑगस्टमध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपनीचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, वाचायचं दोन दिवसांचं वर्कशॉप झालं आणि मला माझं मत बदलावं लागलं. सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा केलाय हे ऐकून माहीत होतं. वार्षिक अहवाल मी आवडीने वाचते, ऑडिटरचा रिपोर्ट, मग नोट्स, पण मधली ही झाडांचे आणि हसऱ्या शाळकरी मुलांचे फोटो असलेली पानं जाहिरात समजून उलटून टाकायचे. शिकवणारी मुलगी तिशीची पण नसेल, तिने फोटो-बिटो सोडले आणि थेट तक्ते उघडले. कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती. बायकांना दिलेल्या पगाराचा एकूण पगारात वाटा किती. पाणी किती किलोलिटर उचललं. एका कंपनीचं उलाढालीच्या प्रमाणात पाणी कमी झालेलं आणि एकूण पाणी वाढलेलं, दोन्ही आकडे एकाच पानावर, आणि वर मोठ्या अक्षरात सांगितलेला फक्त पहिला. मी जागीच हसले. हे तर आमच्याच धंद्यातलं काम निघालं!

मग मी घरी बसून माझ्याकडच्या सगळ्या कंपन्यांचे अहवाल काढले. एका कंपनीचे माझ्याकडे 60 शेअर्स आहेत, तिच्या तक्त्यात दर दहा लाख मनुष्य-तासांमागे काम बुडवणाऱ्या दुखापती शून्य. आता ही कंपनी ज्याच्याकडून पार्ट घेते त्या अंबडच्या एका वर्कशॉपचं अकाउंट मी बघते. तिथे पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली, बावीस वर्षांचा पोरगा, ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, अपघाताचा रिपोर्ट मीच ऑनलाइन भरला होता, कुठल्या हाताची कुठली बोटं ते सुद्धा लिहावं लागतं. कंपनीचा शून्य खोटा नाही. त्यांच्या गेटच्या आत शून्यच असेल. गेटबाहेरच्या व्हेंडरची माहिती ही सध्या पहिल्या 250 कंपन्यांसाठी आहे, तीही ऐच्छिक, आणि ज्याच्याकडून 2 टक्के किंवा जास्त खरेदी होते तेवढ्याच व्हेंडरची. आमचं वर्कशॉप 2 टक्क्यांत कुठून येणार.

सप्टेंबरमध्ये त्या कंपनीची एजीएम, म्हणजे शेअरहोल्डरांची वार्षिक सभा, व्हिडिओवर होती. स्पीकर म्हणून आधी नाव नोंदवायला लागतं हे मला संस्थेनेच शिकवलं. दोन मिनिटं मिळाली, यांनी पंखा बंद केला आवाज येतो म्हणून, आणि मी अर्धं मराठी अर्धं हिंदी विचारलं की व्हेंडरकडच्या अपघातांचा आकडा तुम्ही ठेवता का. चेअरमन म्हणाले नोट केलंय. तीन आठवड्यांनी चक्क मेल आला, प्रेसच्या सेफ्टी गार्डची तपासणी व्हेंडर ऑडिटमध्ये होते, अपघातांचा आकडा गोळा करत नाही. उत्तर काही समाधानाचं नव्हतं पण स्पष्ट होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला ई-व्होटिंग बंद होतं, त्याच्या आधी मी एका ठरावाच्या विरोधात मतही टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं ते मेल डिलीट करत होते. एवढ्यासाठी चार स्टार.

आता भांडणाकडे येते.

ऑक्टोबरमध्ये मला सहज वाटलं, आपण ज्यांना 4500 देतो त्यांचा ताळेबंद बघावा. सवय आहे ती, किराणावाल्याचाही मिळाला तर बघेन. मेल टाकला. उत्तर आलं की सहयोगी सदस्यांना आर्थिक पत्रकं देण्याची तरतूद नाही. म्हणजे आम्ही पैसे भरणारे 'सहयोगी', कायद्याने मेंबर वेगळेच, ते मोजके, मतही त्यांनाच. ही गोष्ट फॉर्मवर कुठेच नव्हती, मी फॉर्म ठेवलाय. आमच्या सोसायटीत चौदा फ्लॅट आहेत, पण 30 सप्टेंबरच्या आत सभा होते, हिशेबाची प्रत प्रत्येकाला मिळते आणि वॉचमनच्या दिवाळी बोनसवर एक तास भांडण होतं. आणि ही संस्था कंपन्यांना पारदर्शकता शिकवते! एकूण सात मेल झाले. चौथ्या मेलला त्यांनी मला त्यांच्याच पारदर्शकतेवरच्या वेबिनारची लिंक पाठवली. सातव्याला उत्तरच नाही.

मग माझं डोकं फिरलं. संस्था सेक्शन 8 कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी आहे, त्यामुळे कागद कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर असणारच. शंभर रुपये भरले की बघायला मिळतात. भरले. शंभराची पावती जपून ठेवली आहे. ताळेबंद स्वच्छ निघाला, तसं मुद्दाम सांगते, पैशाची गडबड काही नाही. पण उत्पन्नात मेंबरशिप फी जेमतेम सातवा हिस्सा, बाकी बहुतेक स्पॉन्सरशिप. स्पॉन्सर कोण ते कागदात नाही, पण मीटिंगच्या बॅनरवर कोणाचे लोगो होते ते मला आठवतंय, फंड हाउस आणि कंपन्या. ज्यांना प्रश्न विचारायचे तेच खर्च करतायत. चुकीचं आहे असं म्हणत नाही, हॉल फुकट मिळत नाहीत. लपवलं कशाला एवढंच.

इथपर्यंत लिहून चार दिवस पडून होतं, आणि आज सकाळी फोन आला. ती बीआरएसआर शिकवणारी मुलगी. आता ऑफिसात मेंबरांचं काम तिच्याकडे आलंय म्हणे. म्हणाली काकू, तुमचे सातही मेल वाचले, ताळेबंद साइटवर टाकतोय, स्पॉन्सरची यादी पण टाकू. मी म्हटलं मताचं काय. ते बोर्डापुढे ठेवावं लागेल, मे महिन्यात. आणि ते शंभर रुपये? ती हसली, मी हसले नाही. दुपारी बघितलं तर ताळेबंद खरंच साइटवर होते, तीन वर्षांचे. स्पॉन्सरच्या यादीच्या जागी 'लवकरच'.

त्यामुळे स्टार किती द्यायचे ते अजून ठरत नाहीये. घ्यायचीच असेल तर फक्त त्या बीआरएसआरच्या वर्कशॉपसाठी घ्या, ते वर्षातून एकदा ऑगस्टमध्ये असतं, आधी विचारून घ्या मराठीत किंवा हिंदीत आहे का. फॉर्म भरताना सहयोगी की पूर्ण सदस्य, हे लेखी विचारा. फंड कुठला घ्यावा हे ते सांगत नाहीत, त्यासाठी सेबीकडे नोंदलेला सल्लागार बघावा लागतो, आमच्या मीटिंगला आलेल्या दोघांची तीच तक्रार होती.

भाची म्हणते मावशी, एवढं झालं ना तुझ्या मनासारखं, आता भर. मुदत 31 मार्चची आहे. त्या रात्री तशीही मी दोन वाजेपर्यंत जागी असते, वर्कशॉपवाल्यांची बिलं यायची थांबत नाहीत. तेव्हा ती स्पॉन्सरची यादी आली आहे का बघते.