काथ्या भरून शिवलेली पकडीची डमी, घ्यावी का?

आमच्या कबड्डी मंडळातल्या पोरांना पकड, म्हणजे रेडरला धरून पाडणं, शिकवायला डमी (टांगून धरायचं भरीव पोतं) हवी होती, कंपनीची ऑनलाइन बघितली तर भलतीच महाग, म्हणून चिपळूणच्या बाजारातल्या एका गादीवाल्याकडून शिवून घेतली. जाड कॅनव्हास, आत काथ्या, वर लोखंडी कडी. मजुरीसकट निम्म्याहून कमी पैशात झाली आणि मी तर म्हणेन प्रत्येक कबड्डी मंडळाने घ्यावी.

गादीवालाच का, तर ही वस्तू मुळात गादीतूनच आलीय. एमॉस अलोन्झो स्टॅग म्हणून येल कॉलेजचा फुटबॉल खेळाडू होता, आपला फुटबॉल नाही हां, अमेरिकेतला, लांबट बॉल घेऊन पळायचं आणि समोरच्याने धरून पाडायचं, म्हणजे पकडच की. १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका टीममध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेजांतल्या निवडक खेळाडूंच्या यादीत, तो होता आणि त्याच सुमाराला त्याने जिमची गादी गुंडाळून टांगली, पोरांनी एकमेकांची हाडं न मोडता शिकावं म्हणून. धर्मोपदेशक व्हायचं होतं पण भाषण जमेना, मग कोच झाला. १८९२ ते १९३२ शिकागो युनिव्हर्सिटीत, सत्तरीला तिथून निवृत्त केला तर गडी कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात जाऊन अजून १४ सीझन कोचिंग करत राहिला! १०२ वर्षं जगला. बास्केटबॉल काढणारा नेस्मिथ पण शिकागोच्या आधी स्प्रिंगफील्डच्या कॉलेजात ह्याच्याच टीममध्ये खेळलेला. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आता डमीचं. आमचा कॉर्नरचा, म्हणजे पकडीच्या रांगेत टोकाला उभा राहणारा, एक पोरगा घोटा धरताना डोळे मिटायचा, लागेल म्हणून. डमीच्या खालच्या टोकाला घोट्याच्या उंचीवर पट्टी बांधली आणि रोज तिच्यावर पडायला लावला, आता खांदा आधी खाली जातो, दोन्ही मनगटं लॉक होतात आणि नजर रेडरवरच असते.

त्रास दोन. काथ्या हळूहळू खाली बसतो, वर पोकळ होतं, मग कंबर पकडीला काही हाताला लागत नाही, उसवून परत ठासावा लागतो. आणि कडीजवळची शिवण सुटली, गादीवाल्याने दाभणाने परत घालून दिली, पैसे नाही घेतले, पण तिथे डबल शिवण आधीच सांगून ठेवा, बाजूला मोठी चेन पण लावून घ्या. कापूस अजिबात भरू नका, आपल्या पावसात ओल धरतो. आणि लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा त्याला गाद्यांच्या ऑर्डरीतून मान वर करायला वेळ नसतो.