एचटूएस बाटली: विहिरीसाठी चांगली, खाडीसाठी नाही

पाण्यात विष्ठेची घाण मिसळली आहे का, ते दाखवणारी आणि ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे मिळणारी ही एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली कोकणातल्या उघड्या विहिरींसाठी घ्यावीच. १९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली. आत पेप्टोन (जिवाणूंचं खाद्य), थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेसोबत येणारे सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम असे जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. विष्ठेतला नेहमीचा जिवाणू ई. कोलाय सहसा हा वायू करत नाही. बाटली त्याच्या सोबत्यांना पकडते.

आधी बाटली उजेडात धरून पाहा. कोकणच्या दमट हवेत झाकण सैल असेल तर पावडरीच्या गुठळ्या होतात; ती बाटली बाद. खुणेपर्यंत, म्हणजे बहुतेक बाटल्यांत २० मिलि, पाणी भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. सगळ्यात जास्त घोळ पोहऱ्यामुळे होतो: तो अंगणात, शेणाच्या सारवणावर ठेवलेला असतो आणि दोरी रोज हाताळलेली. मग दोष विहिरीचा की पोहऱ्याचा, ते कळत नाही. नमुन्यासाठी उकळत्या पाण्यातून काढलेलं वेगळं भांडं आणि स्वच्छ दोरी ठेवा. सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली लावा. तीही काळी पडली तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द.

मग ऊब. ३० ते ३७ अंशांवर निकाल नीट येतो. जुलैत घरातली हवा त्याहून गार असते, बाटली रेंगाळते आणि लोक ‘पाणी चांगलं’ म्हणून मोकळे होतात. थर्माकोलच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली ठेवून ती बदलत राहिलं तरी काम भागतं. २४ तासांत काळं झालं तर दूषितता जास्त, ४८ तासांपर्यंत झालं तर कमी; त्यानंतरचा काळेपणा धरू नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतरची चाचणी चुकवू नका. जांभ्याच्या भेगा-छिद्रांतून शोषखड्ड्याचं पाणी फारसं न गाळता विहिरीत उतरतं, त्यामुळे मे महिन्यात स्वच्छ निघालेली विहीर जूनमध्ये काळी निघू शकते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर लगेच नमुना घेऊन समाधान मानू नये. क्लोरीन उतरल्यावर पुन्हा तपासा.

खाडीला मात्र ही बाटली लावू नका. तिथल्या चिखलात सल्फेटपासून सल्फाइड करणारे जिवाणू मुळातच असतात, त्यामुळे मैलापाणी नसतानाही बाटली काळी पडते. भरताच काळं झालं तर सल्फाइड पाण्यात आधीपासूनच आहे. नाला किंवा व्हाळाच्या गोड्या पाण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर वेगळ्या निर्जंतुक भांड्यात २ मिलि नमुना आणि १८ मिलि उकळून गार केलेलं पाणी मिसळून ते बाटलीत ओता, म्हणजे दहापट पातळ झालं. नुसत्या नमुन्याची बाटली काळी आणि ही स्वच्छ राहिली तर घाण तुलनेने कमी. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतली एमपीएन चाचणीच (जिवाणूंची अंदाजे संख्या काढणारी) लागते. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा १०० मिलित ५०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू), फार तर २५०० अशी आहे.

पिण्याच्या पाण्याचं मानक १०० मिलित ई. कोलाय शून्य मागतं आणि बाटली पाहते २० मिलि. म्हणून स्वच्छ बाटली म्हणजे हमी नव्हे. कॉलराचा जंतू तिला दिसत नाही. त्यासाठी नाल्याचं पाणी प्रयोगशाळेत अल्कलाइन पेप्टोन या द्रावणात वाढवून, टीसीबीएस या जंतू वाढवायच्या खास माध्यमावर जंतूंच्या पिवळ्या वसाहती शोधाव्या लागतात. भातखाचरातला लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस रोगाचा जंतू) तिला दिसत नाही, त्यामुळे बाटली स्वच्छ राहिली म्हणून पायाला जखम असताना चिखलात उतरू नये.

काळी बाटली गटारात ओतू नका, आत वाढलेले जिवाणू त्यात असतात. ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण घालून अर्धा तास ठेवा आणि विहिरीपासून दूर पुरा.