बारोलो की बार्बारेस्को?

इटलीच्या पिमोंते प्रांतात, आल्बा गावात पिओ चेझारे ही 1881 पासूनची एका घराण्याची वायनरी आहे. तिथल्या वाइन ओळीनं चाखायच्या ठरवल्या, तर माझ्या मते खरी चुरस बारोलो आणि बार्बारेस्को या दोघींत. दोन्ही एकाच द्राक्षाच्या, नेब्बिओलोच्या. रंग फिका, म्हणून वाइन हलकी असेल असं वाटतं. पहिल्याच घोटाला तो समज जातो.

बारोलोचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा हिरड्यांना धरून बसतो. नियमानं ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. तरीही कोवळी बाटली उघडणं माझ्या जिवावर येतं. 10 वर्षं थांबलं, की सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा वास उलगडतो. (डांबराचा वास ही इथे स्तुतीच!)

बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात. तानारो नदीजवळची तिची गावं जरा उबदार, द्राक्षं लवकर पिकतात, तुरटपणाही मऊ.

आज रात्रीच्या जेवणाला मी बार्बारेस्कोच उघडेन. लेकीच्या जन्मवर्षाची बाटली जपून ठेवायची असेल, तर मात्र बारोलो.